बैठकीतला फोरमन

ऑस्ट्रेलियातल्या इनिसफेल गावात नोएलीन प्रॅटच्या घराचे पुढचे पडदे नेमकी किती वर्षं बंद होते, हे गल्लीतल्या कुणालाच धड सांगता आलं नसतं. उन्हाने सोफा विटतो, असं ती सांगायची. वर्षातला निम्मा काळ जिथे पाऊसच पडतो तिथे उन्हाची सबब कोण मानणार? पण खोलात कुणी शिरलं नाही.

पडद्यामागे फोरमन होता.

पंधरा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, डेसने, टाउन्सव्हिलच्या एका दोस्ताकडून बोटाएवढं पिल्लू आणलं. काळी पाठ, पांढरं पोट, लाल शेपूट, तोंडाशी लांब मिशा. दक्षिण अमेरिकेतला कॅटफिश. ही जात पाळायला बंदी, म्हणून पिल्लाची पाण्याची पिशवी जेवणाच्या डब्यात दडवून आली. डेस साखर कारखान्यात फिटर होता. पिल्लाकडे बघून तो म्हणाला, "आमच्या फोरमनची सही सही नक्कल. दिवसभर लोळायचं आणि समोर येईल ते गिळायचं."

गिळायचं म्हणजे गिळायचंच. सोबतचे मासे वर्षभरात संपले. मग त्याने थर्मामीटर गिळला आणि दोन दिवसांनी ओकून टाकला. तो हातभर झाला तेव्हा डेसने बैठक आणि पाहुण्यांची खोली यांच्यामधली भिंत पाडली आणि तिथे जागच्या जागी तीन मीटर लांब टाकी जोडली. तीन मीटर ऐकायला ऐसपैस वाटतं. पण रुंदी कमी, त्यामुळे मासा मीटरभराचा झाल्यावर त्याला शेपूट काचेला घासल्याशिवाय वळता येईना. त्याच्या पाठीला बाक आला.

त्याला विकता येत नव्हतं, कुणाला देता येत नव्हतं. नदीत सोडला असता तर नदीतलं सगळं फस्त केलं असतं. मारायचं म्हटलं तर डेसचे डोळे भरून यायचे. आणि कुणाच्या तोंडून बातमी फुटली तर मोठा दंड. नोएलीनने लोकांना घरी बोलावणं सोडलं. नळ बिघडला तर डेस दुरुस्त करायचा.

मग डेसला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलण्यातले दोनच शब्द उरले, "हो" आणि "नको", आणि तेही बऱ्याचदा उलटसुलट पडायचे. इस्पितळातल्या बाईंनी सांगितलं, आठवड्यातून तीनदा मदतनीस घरी येईल, अंघोळ घालेल, व्यायाम करून घेईल.

"नको," नोएलीन म्हणाली. "माझं मी बघते."

"एकटीला झेपायचं नाही हो."

"झेपेल."

तिने शाळेच्या उपाहारगृहातली नोकरी सोडली. दोन वर्षं नव्वद किलोच्या नवऱ्याला ती एकटी उठवत, धूत, बसवत राहिली. सकाळी त्याची चाकाची खुर्ची टाकीसमोर लावायची, म्हणजे तेवढाच त्याचा जीव रमेल. डेस डावा पाय फरशीवर घासायचा. त्याला आनंद झाला की तो असं करतो, असं तिने ठरवून टाकलं होतं. मग फोरमनला बोय माशांचे तुकडे भरवायचे. तो तिच्या हातातून खायचा आणि डोकं काचेशी टेकवून पडून राहायचा. दर शनिवारी निम्मं पाणी बदलायचं. किराण्यापुरतं सोडलं तर ती घराबाहेर पडत नव्हती.

अशाच एका शनिवारी ती शिडीवर चढून टाकीत नळी सोडत होती. फोरमनने कशाने तरी बिचकून शेपूट हाणली. बादलीभर पाणी अंगावर आलं, शिडी सटकली आणि नोएलीन फरशीवर आदळली. मनगटातून कट्ट असा आवाज आला. कंबरेतून अशी कळ गेली की उठायचं नावच नको. फोन स्वयंपाकघरात होता.

"डेस, खुर्ची ढकल. फोन आण."

डेसने डाव्या पायाने जोर लावला. खुर्ची नळीला अडली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मांडीवरचा टीव्हीचा रिमोट उचलला आणि आवाज वाढवत नेला, पार शेवटपर्यंत. घोड्यांच्या शर्यतीचा निवेदक घर डोक्यावर घेऊन ओरडायला लागला. पंधरा मिनिटं. वीस मिनिटं.

अखेर मागच्या दारावर थापा पडल्या. शेजारची पिना. सत्तरीची, उसाच्या मळ्यावर आयुष्य काढलेली विधवा इटालियन बाई.

"डेस, बहिरा झालास का रे? आख्ख्या गल्लीला जुगार खेळायला लावतोस काय?"

ती दार ढकलून आत आली. आधी तिला पाणी दिसलं, मग नोएलीन, मग टाकी. तिने टीव्ही बंद केला, ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि नोएलीनच्या डोक्याखाली उशी सरकवली.

"पिना, हा मासा..." नोएलीन म्हणाली.

"अजून जिवंत आहे होय मेला?"

"तुला माहीत होतं?"

"अगं, या काचा काय डेसने एकट्याने उचलल्या? माझा सॅल्वो होता ना दुसऱ्या टोकाला. तू शाळेत गेलेली."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू दारात पाय अडवून उभी राहायचीस. मला वाटलं, तुला माणूसच नकोय."

नोएलीनने डोळे मिटले. तिला त्या मनगटापेक्षाही हे जास्त लागलं.

हात प्लास्टरमध्ये गेला, सहा आठवडे. कंबरेला नुसताच मुका मार होता. इस्पितळातल्या बाईंनी या वेळी स्पष्ट सांगितलं: घरात मदतनीस, नाहीतर डेस वृद्धाश्रमात. दुसऱ्या दिवशी नोएलीनने सरकारच्या मत्स्यखात्यात आपणहून फोन लावला.

तमारा नावाची तरुण अधिकारी आली. आवाज मऊ, पण तिने काही झाकून ठेवलं नाही. आपणहून कळवलंत, तेव्हा खटला होणार नाही. पण माशाला जागा कुठेच नाही. पाण्यात औषध घालून झोपवावं लागेल.

नोएलीन डेससमोर वाकली. "ऐकलंस ना? चालेल का तुला?"

"नको."

"फोरमन नको? की त्याला मारायला नको?"

"नको. नको." डेस लालबुंद झाला. मग त्याने डावा पाय फरशीवर रोवला, घासला, परत रोवला. खुर्ची इंच इंच फिरत गेली. टाकीकडे पाठ होईपर्यंत तो थांबला नाही.

दोन वर्षं, रोज सकाळी, तिने त्याला त्या माशासमोर नेऊन बसवलं होतं. रोज तो पाय घासत होता.

"मला कळलं नाही रे," ती म्हणाली.

"हो," डेस म्हणाला.

तमाराने औषध घातलं तेव्हा नोएलीनने चांगला हात पाण्यात घालून फोरमनच्या कपाळावर ठेवला. त्याने सवयीने तोंड उघडलं, खायला मिळेल म्हणून. कल्ले हळूहळू थांबले. लांबी भरली एक मीटर सात सेंटिमीटर. ताडपत्रीत गुंडाळून दोघींनी त्याला गाडीत घातलं.

टाकी मात्र राहिली. ती कुठल्याच दारातून बाहेर निघत नाही. पिनाचा पुतण्या करवत घेऊन येईन म्हणतो, अजून आलेला नाही.

सोमवारी मदतनीस आली. "दोन तास फिरून या," ती नोएलीनला म्हणाली. नोएलीन खाटकाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. डेस पडला असेल, पंप बंद पडला असेल, असं काहीबाही मनात येत राहिलं. पंप आता चालूच नाही, हे तिला स्वतःला दोनदा सांगावं लागलं. चाळीस मिनिटांत ती घरी परतली.

बुधवारी पिना तिला हाताला धरून नदीकाठच्या बाजारात घेऊन गेली. त्या दिवशी ती दीड तास टिकली.