सतरा नंबरची पाठ

मंडळी, भुताखेताचे किस्से मी करमणूक म्हणून वाचतो आणि मनातल्या मनात हसतो, हे आधीच कबूल करतो. एकतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात प्लास्टर टेक्निशियन म्हणून काढली. मोडलेलं हाड अंगाऱ्याने जुळत नाही, हे रोज बघितलेला माणूस मी. तरी हे लिहितोय, कारण यात माझ्या बायकोचा जीव गुंतला होता... आणि नेमकं काय झालं ते मला आजही सांगता येत नाही.

गेल्या वर्षीचा जानेवारी. रत्नागिरीत नाचणे रोडच्या बाजूला एक बंद पडलेली काजूची फॅक्टरी आहे, जांभ्या दगडाची लांबलचक शेड. तिथे मुंबईच्या चार आर्टिस्ट मुलामुलींनी प्रदर्शन भरवलं. विषय — शरीर आणि वेदना. पण एकट्याने करायचं नाही, गावाला सोबत घेऊन करायचं. म्हणजे लोकांनी यायचं, आपला जो भाग दुखतो त्याचा प्लास्टरचा साचा काढून द्यायचा. मासळी सुकवणाऱ्या बायकांचे गुडघे, रिक्षावाल्याची मान, मास्तरांचा खांदा. साच्याखाली नाव नाही, फक्त नंबर. बाजूला हेडफोन, त्यात त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं दुखणं.

त्यांची म्होरकी सानिका. हुशार पोरगी, पण प्लास्टरमध्ये पाणी इतकं घालायची की पेजच व्हायची. कुणीतरी माझं नाव सुचवलं. रिटायर होऊन घरात बायकोच्या कामात चुका काढत बसण्यापेक्षा बरं, म्हणून गेलो. तिला नीट शिकवलं. पुरुषांचे साचे दुपारी मी घ्यायचो, बायकांचे ती सकाळी पडद्याआड घ्यायची.

प्रदर्शन सुरू झाल्यावर माझं काम एवढंच — रोज सकाळी शेड उघडायच्या आधी साचे तपासायचे, भेग गेली असेल तर बुजवायची. सानिका दर दिवशी म्हणायची, "काका, एकदा हेडफोन लावून ऐका ना."

"पोरी, दुखणी ऐकण्यात जन्म गेला माझा," मी म्हणायचो. "आता पेन्शनीत पण तेच ऐकू?"

आता जरा प्लास्टरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्लास्टर भिजवलं की दहा मिनिटांत ते गरम होतं. पेशंट घाबरतात, भाजतंय म्हणतात. मग अर्ध्या तासात गार पडतं. एकदा गार पडलं की पडलं, पुन्हा आपलं आपण तापत नाही. पालथा हात ठेवून हे बघायची सवय माझ्या अंगात इतकी भिनली आहे की भिंतीलासुद्धा मी पालथा हात लावतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सतरा नंबरला हात लावला... आणि गरम लागलं.

सतरा नंबर म्हणजे एका बाईची पाठ. मानेपासून कमरेपर्यंत. साचा काढून दहा-बारा दिवस झालेले. मला वाटलं, दिवा जवळ आला असेल. सानिकाला झापलं, दिवा काढायला लावला. चौथ्या दिवशी पुन्हा गरम. म्हटलं भिंत पूर्वेची, ऊन खात असेल. सोळा-सतरा दोन्ही साचे उचलून दुसऱ्या टोकाला, चिऱ्याच्या गार कोपऱ्यात नेले. पाचव्या दिवशी सतरा... तसाच. शेजारचा सोळा नंबर थंडगार. जानेवारीतली सकाळ, मला स्वेटर घालावा लागत होता.

मग मी घरून थर्मामीटर आणला, डिजिटल. आधी दुसऱ्या साच्यांना लावला. मशीनने नुसतं 'लो' दाखवलं. सतराच्या आतून, डाव्या खवाट्यापाशी धरला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. तीनदा धरला, तीनदा तेच. सानिकाने स्वतः बघितलं. भीती वाटली का म्हणाल, तर नाही, मी वैतागलो. एकतीस वर्षांचं ज्ञान एक निर्जीव पाठ खोटं पाडत होती.

"कुणाची आहे ही?" मी विचारलं.

"काका, नाव सांगायचं नाही असं ठरलंय," सानिका म्हणाली. "पण तुम्ही ऐकू शकता."

नाइलाजाने हेडफोन कानाला लावला.

"पाठीत दुखता. डाव्या अंगाला. कपडे घेवन गच्चीवर चढले की कल येते, ती हातात उतरते. दम लागतो. मग मी जिन्यात बसते जरा. घरात सांगितलेला, पन ते बोलले वात हाय, एरंडेल लाव. एरंडेल लावते. बाकी काय नाय."

माझी बायको. सुनंदा. देवरूखकडच्या तिच्या माहेरची बोली अजून जशीच्या तशी. बचत गटाच्या मीटिंगला जाते म्हणून बाहेर पडली होती, ती गटातल्या बायकांबरोबर इथे आली होती. चौतीस वर्षं संसार केला आणि तिची पाठ मला ओळखता आली नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो मी. मला माझी लाज वाटली, आणि दुसऱ्या क्षणाला हेडफोन टाकून मी बाहेर धावलो, कारण डाव्या हातात उतरणारी कळ म्हणजे काय, ते वॉर्डातल्या आयांनासुद्धा माहीत असतं.

रिक्षा केली, घरी पोचलो. ती भाकऱ्या थापत होती. "जेवन तर होऊ द्या," म्हणाली. तव्यावरची भाकरी तशीच टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं. ईसीजीचा कागद बघून डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं. बऱ्याच बायकांना छातीऐवजी पाठीतच दुखतं, म्हणाले, आणि तासाभरात आम्ही अ‍ॅम्ब्युलन्सने कोल्हापूरच्या वाटेवर होतो. दोन ठिकाणी ब्लॉकेज. तिथल्या सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं की आठवडाभर आणखी थांबला असतात, तर जड गेलं असतं.

बारा दिवसांनी परतलो तेव्हा प्रदर्शन आटोपलं होतं. साचे खोक्यात भरलेले. सतरा नंबर काढून पालथा हात ठेवला. गार. कधी गार पडला, ते कुणी बघितलं नव्हतं. माझा भाचा इंजिनिअर आहे. ओलसर हवा, चिऱ्याची भिंत असं काहीबाही सांगतो, पण मग शेजारचा सोळा नंबर गार का होता, ते त्यात बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला समजलं तर सांगा. मी सोडून दिलंय.

त्यानंतर महिन्याभराने सुनंदा पडवीत कडवे वाल सोलत बसली होती. मी तिला म्हटलं, "त्या पोरीला एवढं सगळं सांगितलंस. मला नीट का नाही सांगितलंस गो?"

तिने वर बघितलं नाही. "तिनं विचारलान," म्हणाली.

वॉर्डात मी दिवसाला पन्नास माणसांना विचारायचो — कुठे दुखतंय, कधीपासून, दाबलं की दुखतं का. घरी आलो की चहा मागायचो. मी तिच्या शेजारी बसलो. मूठभर वाल माझ्यापुढे ओढले, आणि विचारलं, आणखी कुठे दुखतं का तुला?

तिने आणखी चार-पाच वाल सोलले.

"उजवा गुडघापन दुखतो हो," ती म्हणाली. "लई दिवस झाले."