आबांचं तट्टू आणि माझं इंजिन

मित्रहो, बारामतीच्या सायबर कॅफेतून लिहितो आहे. धाकटा भाऊ सोपान उद्या मी काम करतो त्याच विमानतळावर सामान चढवण्याच्या कामावर रुजू होईल. तट्टावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे हिंडलेल्या आमच्या आबांनी आज गावी, अंथुर्ण्यात, त्याला बजावले, "लादताना फुडनं जायाचं. लाथ मागनं बसती."

चूक मला सहन होत नाही. मी तत्काळ म्हणालो, "आबा, चालू इंजिन पुढूनच माणूस ओढून घेतं. विमानाचा तांबडा दिवा विझेपर्यंत लांब थांबायचं."

आबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आन् तू धा वर्सं तितंच हाईस व्हय?"

इंजिनाचा हा धोका मी त्यांना कधी सांगितलाच नव्हता.

संध्याकाळी कामावर परतायची एसटी आहे, पण पाय निघत नाही. तुमच्या कामातले धोके तुम्ही घरी सांगितले आहेत का?