पहिल्या बहाराची दोन पपनसं

माजिवड्याच्या राघोला तोंडावर वेडा म्हणायची कोणाची छाती नव्हती. पण पपनसाचा विषय निघाला की लोक एकमेकांकडे बघून हळूच हसत. राघोला ते कळे आणि त्याचं डोकं फिरे. तसं ते फिरायला फारसं काही लागत नसेच.

ठाण्याला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. चाळिशी उलटेपर्यंत राघो टेंभी नाक्याजवळ एका पेन्शनर मुनसफांच्या बागेत माळीकाम करी. त्या बागेत एक झाड आपसूक उगवलेलं होतं. त्याच्या एका बाजूला पपनस होतं, दुसऱ्या बाजूला संत्रं, आणि हे दोघांवरही थोडंथोडं गेलेलं. फळ पपनसाहून लहान, साल पातळ, आणि गर असा गोड की कडवटपणा नावालाही नाही. येत्या आषाढात त्याला गुटी बांधायची, म्हणजे फांदीची साल काढून तिथे ओली माती बांधायची आणि मुळं फुटली की फांदी कापून आपल्या वाडीत लावायची, असं राघोने मनाशी पक्कं केलं होतं. मुनसफांनी पौषातच झाड तोडून तिथे बग्गी ठेवायला छप्पर घातलं. माळ्याला विचारतो कोण? राघोच्या हाती शेवटचं एक फळ लागलं आणि त्यात अकरा बिया निघाल्या.

त्याने अकराही बिया पेरल्या. बीचं झाड आईवर जाईलच असं नसतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. अकरातलं एक जरी गोड निघालं तरी बस, त्याच्याच गुट्या बांधायच्या, असा त्याचा हिशेब. पण चार बिया उगवल्याच नाहीत, तीन रोपं शेळ्यांनी खाल्ली, दोन खाऱ्या वाऱ्याने करपली. दोन उरली, एक विहिरीपाशी आणि एक बांधाशी. आठ वर्षं त्याने त्यांना पोरांसारखं वाढवलं आणि आठ वर्षं गावाने विचारलं, "काय राघो, धरली का तुजी साखर?"

नवव्या वर्षी दोन्ही झाडांनी एकेकच फळ धरलं.

आता गावची रीत अशी की नव्या झाडाचं पहिल्या बहाराचं फळ गावदेवीचं. घरच्यांनी ते जिभेलाही लावायचं नाही. नवरात्रात फळं उतरवली तेव्हा राघोची बायको आवडाबाई हळूच म्हणाली, "अवो, एक फोड चाखून बगा. कोन बगतंय?"

"देवी बगतेय!" राघो तिच्यावर खेकसला. दुसऱ्याच्या घरी जरा रीत चुकली की सगळ्यात मोठ्याने ओरडणारा हाच. आता स्वतः कशी मोडणार? त्याने अक्कल लढवली. फळ चाखायचं नाही, पण ज्याने खाल्लं त्याला चव विचारायला काय हरकत आहे? विहिरीकडच्या फळाला त्याने चुन्याचा ठिपका लावला आणि समाधानाने अंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी तो देवळातल्या दौलत गुरवाकडे गेला. "कशी लागली फलं?"

"एक निसती साखर, राघोबा! बायकोनं बोटं चाटली. दुसरं कडूजार, थुंकून टाकलं."

राघोच्या डोळ्यांत पाणीच आलं. "चुन्याचा ठिपका व्हता ते कंचं?"

"कसला ठिपका? दोनी हलदीकुंकवानं माखलेली व्हती."

आवडाबाईने फळं घासूनपुसून, हळदीकुंकू लावून देवीला नेली होती. देवीपुढे चुना लागलेलं फळ ठेवायचं असतं का कधी?

"अरं, एक वरून जरा चपटं व्हतं!" राघो काकुळतीला आला.

"मी फल खातो, त्याचा डोका बगत नाय."

"आनि साली?"

"म्हशीनं खाल्ल्या."

त्या दिवशी राघो घरी जेवला नाही. आवडाबाईवर चिडला, गुरवावर चिडला, म्हशीवरसुद्धा चिडला. साखर त्याच्याच वाडीत उभी होती आणि कुठल्या झाडात ते त्याला माहीत नव्हतं.

पुढच्या बहारापर्यंत थांबायचं, एवढंच होतं खरं तर. पण त्यानंतरच्या चैत्रातच विहीर आटली. तळाला राहिलेलं गोडं पाणी जेमतेम एका झाडापुरतं, आणि त्याखाली खाडीचं खारं लागायला लागलं. दोघांना अर्धं अर्धं दिलं तर दोन्ही जाणार. राघो दोन दिवस पानं चुरगळून हुंगत राहिला. बांधाकडच्या झाडाचं पान त्याला संत्र्याला जवळचं वाटलं. त्याने जीव घट्ट केला आणि विहिरीकडच्या झाडाचं पाणी तोडलं. ते उभ्याउभ्या वाळलं. आवडाबाई तांदळाचं धुवण त्याच्या बुंध्याशी ओतत राहिली, त्याने काय होणार?

बांधाकडच्या झाडाला पुढल्या बहारात सात फळं आली. आता चाखायला कोणाची आडकाठी नव्हती. राघोने पहिलं फोडलं, तोंडात घातलं आणि थुंकला. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. सातही कडू. सातव्याच्या फोडी त्याने बांधापलीकडे भिरकावल्या आणि मटकन खाली बसला.

"माजं नशीबच फुटकं," तो म्हणाला.

इतकी वर्षं गप्प बसलेली आवडाबाई कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "नशिबाला कशाला दोष देता? गोड फल तुमच्या हातात व्हतं. मी चाखा म्हनलं व्हतं. देवीनं नाय म्हनलं नव्हतं, तुमीच म्हनलात!"

राघोने तोंड उघडलं. पण तोंडातला कडूपणा अजून गेला नव्हता; तो पुन्हा एकदा थुंकला.