चंपतरावांची खुणेची काठी

आमच्या चंपतरावांना देवाने सगळं दिलं होतं, फक्त गप्प बसायची अक्कल द्यायची राहून गेली होती. तलमडुगुजवळच्या आमच्या गावात कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, त्यांच्यासारखी कुणी भरत नसे. बंडीला चारी बाजूंनी बांबूचे तट्टे बांधायचे, आत उतरून पायाने कापूस तुडवायचा, आणि तट्टे भरले की वर आणखी ढीग रचायचा. आम्ही तट्ट्यांपाशी थांबायचो. चंपतराव तिथून सुरू करायचे. मग त्या ढिगावर उभे राहून, कासरा सोडून, मिशीला पीळ देत बाजाराला निघायचे. मी शेजारी असून मला या थाटाचा राग यायचा. खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा.

छप्पन साली राज्यांची फेररचना झाली. कालपर्यंत किनवट तालुका आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. तो मुंबई राज्यात गेला आणि आम्ही आंध्रात गेलो. त्याच हिवाळ्यात चंपतरावांच्या मुलीला, मथुरेला, पाहायला किनवटकडचे उत्तमराव आपल्या मुलासाठी यायचे ठरले. स्थळ चांगलं होतं, मुलगा शेतीत राबणारा होता. याआधी दोन स्थळं हातची गेलेली, त्यामुळे मथुरेच्या आईने, बयनाबाईंनी, देव पाण्यात घातले होते. चंपतरावांना मात्र वेगळीच काळजी लागली होती.

"त्यायचं राज्य बदललं म्हून ते मोठे अन् आमी लहान, असं नाई वाटलं पायजे," ते मला म्हणाले. "पाहुने पारावर बसले का माही बंडी समोरून गेली पायजे."

त्या सकाळी त्यांनी कापूस रचला तो घराच्या वळचणीला लागला. मथुरा दारातून म्हणाली, "बाबा, नाल्याचा उतार हाये. दोन हात कमी करा."

"तू पोहे कर," चंपतराव म्हणाले.

पारावर उत्तमराव बसलेले होतेच. चंपतरावांनी वर उभं राहून त्यांना रामराम घातला, तोही दोन्ही हातांनी. समोर नाल्याचा उतार आणि कासरा पायाशी! मागून माझी बंडी होती. मी ओरडलो, पण एक चाक दगडावर चढलं आणि बंडी सावकाश, जणू विचार करून, डावीकडे कलंडली. चंपतराव नाल्याच्या चिखलात गेले आणि त्यांच्यावर त्यांचाच कापूस. वरून फक्त मिशी दिसत होती.

हसायला आलं असतं, पण डावीकडचा सरदार बैल जुवाखाली अडकला होता. जुपणाचा पट्टा गळ्यात रुतला होता आणि त्याची जीभ बाहेर आली होती. आम्ही शहाणे पुरुष सगळे चंपतरावांना उपसत होतो. तेवढ्यात नवं लुगडं नेसलेली मथुरा विळा घेऊन धावत आली, थेट चिखलात उतरली आणि जुपण कापलं. बैल फुरफुरला, उठला. मग ती बापाकडे वळली. डोक्यावरचा पदर कधीच पडला होता.

"काऊन चढले वर? सरदार मेला असता तं? तुमी मेले असते तं?" एवढं बोलून ती सगळ्यांदेखत रडायला लागली.

बयनाबाईंनी कपाळाला हात लावला. हेही स्थळ गेलं, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. उत्तमराव काठावरून खाली आले, त्यांनी बैलाची मान चाचपली आणि म्हणाले, "पोरगी पायाले आलतो, पाह्यली. आता सुपारी फोडा." मग आपल्या होणाऱ्या व्याह्यांकडे बघून म्हणाले, "पन इवाई, लग्नात बंडी तुमी नका हाकू."

चंपतरावांचा उजवा हात मोडला होता. वैदूने बांधला तो जरा वाकडाच बसला. दोन महिने ओट्यावर बसून त्यांनी एकच काम केलं. एक सरळ वेळूची काठी घेतली आणि तट्ट्याच्या उंचीला तिच्यावर खाच पाडली. नंतर ते रोज सकाळी नाल्याच्या उतारावर बसू लागले. प्रत्येक बंडी थांबवायचे, काठी लावायचे. ढीग खाचेच्या वर गेला की कापूस उतरवायला लावायचे आणि वर आपली पडण्याची गोष्ट वाकड्या हाताने करून दाखवायचे. लाज नावालाही नाही! दर खेपेला गोष्टीतला चिखल थोडा खोल व्हायचा. लोक गोष्टीला कंटाळून का होईना, बंडी बेताने भरू लागले. त्या हंगामात उतारावर एकही बंडी उलटली नाही.

वैशाखात लग्न झालं. आंदणाची बंडी भरली. पेटी, पलंग, गाद्या, भांडी, आणि सगळ्यात वर चिंचेने घासलेलं पितळी घंगाळ. चंपतरावांनी ते आदिलाबादहून स्वतः आणलं होतं. अख्ख्या गावाला दिसावं म्हणून त्यांनीच ते वर बसवलं, आणि दोन पावलं मागे जाऊन किती वेळ पाहत राहिले.

मथुरा आईच्या गळ्यात पडून रडत होती. बंडीपाशी आली, तिने वर पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, काठी आना."

बयनाबाई म्हणाल्या, "जाऊ दे वं, एक दिवस चालते."

चंपतराव घरात गेले. काठी आणली, लावली. घंगाळ खाचेच्या हातभर वर होतं. त्यांनी ते वाकड्या हाताने उतरवलं, खांद्यावर घेतलं, मथुरेला बंडीत बसवलं आणि उत्तमरावांच्या गड्याला म्हणाले, "हाक आता. कासरा सोडू नोको."

नाला उतरून शिवेपर्यंत ते बंडीच्या बाजूने चालत गेले, मागोमाग मी. पार मागे राहिला, माणसं मागे राहिली. शिवेवर त्यांनी घंगाळ पोरीच्या मांडीवर ठेवलं. तिथे पाहायला गावातलं माझ्याशिवाय कुणीच नव्हतं, आणि तिथेच चंपतराव लहान पोरासारखे रडले.