जिन्याच्या तोंडाशी लाल बटण
हिवाळ्यात घर उबदार ठेवणारा रेडिएटर पहिल्यांदा तापला की त्यावरच्या धुळीचा करपट वास येतो आणि मला ऐंशीच्या दशकातली न्यू जर्सीतली ती सकाळ आठवते. वडील गेल्यानंतर आई पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. बाहेर बर्फ पडत होता आणि घर गारठलं होतं. प्लंबरला बोलावण्याआधी आपणच बघावं म्हणून मी थर्मोस्टॅट वाढवला, फ्यूज तपासले, तळघरात उतरले. पाण्याचा दाब ठीक होता, पण रेडिएटरला गरम पाणी पुरवणारा बॉयलर गप्प होता. वर येताना जिन्याच्या तोंडाशी त्याचं लाल बटण बंद दिसलं. "खालच्या दिव्याचं वाटलं गं, उगाच चालू राहिला असेल म्हणून मीच बंद केलं," शालीत गुरफटलेली आई म्हणाली. "आई, तू इथल्या कशाला हात लावत जाऊ नकोस," मी म्हणाले. बटण दाबताच बॉयलर सुरू झाला, तासाभरात घरात ऊब आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले, तर ती अंधारात बसलेली. "दिवा का नाही लावलास?" "तू येशीलच म्हटलं." नंतर मी तिला कितीदा विनवलं, पण भारतात परत जाईपर्यंत तिने एकही दिवा लावला नाही. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि मी तिची माफी कधीच मागितली नाही.