दातांनी तोडलेली पट्टी

दुपारची जेवणं आटोपून मालनताई सोफ्यावर कलंडतात. टीव्हीचा आवाज बंद, चित्र चालूच. डोळा लागतोय न लागतोय, तोच पडद्यावर पुन्हा तीच बातमी येते: कबड्डी संघाच्या नव्या प्रशिक्षकांचीही हकालपट्टी. सकाळपासून या बातमीने ताईंचा जीव कसा निवलाय. दोन वर्षांपूर्वी याच संघाने त्यांच्या नवऱ्याला, हिंदुराव मोहित्यांना, असंच काढलं होतं. खेळाडू तेच, मालक तेच, हरणंही तेच. खापर फोडायला डोकं तेवढं नवं. संध्याकाळी चॅनलवाला प्रतिक्रिया घ्यायला फोन करणार आहे आणि त्याला काय सुनवायचं ते ताईंनी घोकून ठेवलंय. माझा माणूस गुणी होता, हा नवाच कुचकामी निघाला.

"आवाज वाढव की जरा."

हिंदुराव सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेत, गळ्यात शिट्टी. त्यांना जाऊन वर्ष झालं, पण ताईंना नवल वाटत नाही, उलट रागच येतो. यायला इतका उशीर? त्या चहा टाकायला उठतात, तर स्वयंपाकघरात मॅट अंथरलेली आणि ओट्याच्या जागी राखीव खेळाडूंचा बाक. हिंदुराव त्यावर बसून चिकटपट्टीचं टोक शोधतायत. हे काम त्यांनी कधी कुणावर सोपवलं नाही. सामन्याआधी प्रत्येक पोराची बोटं स्वतः बांधायची आणि पट्टी तोडायची ती दातांनी. कात्री हातात देऊन देऊन ताई थकल्या होत्या.

ताई आज विचारूनच टाकतात. शेवटच्या सामन्यात पकडीसाठी हातात हात धरून उभे होते ते आपले दोन खेळाडू. त्यांनी घाईने हात सोडले, चढाईवाला मधून निसटला, सामना गेला. सगळ्या जगाने पाहिलं. मग चूक माझी, असं तुम्ही का म्हणालात?

"बाकावर बसणाऱ्याला हात नसतात, मालन," हिंदुराव म्हणतात. "चूक तेवढी घेता येते."

"त्या नव्यालाही काढलं." ताई ते जरा ठसक्यातच सांगतात.

हिंदुराव हसत नाहीत.

"त्याची बायको जेवली का?"

हिंदुरावांना काढलं त्या दिवशी ताईंनी भाकऱ्या थापल्या होत्या आणि रात्री तशाच गाईला घातल्या होत्या.

हिंदुराव ताईंचा हात ओढून घेतात. करंगळी आणि शेजारचं बोट जोडून पट्टी गुंडाळतात, मान खाली घालून तटकन तोडतात. त्यांचा श्वास ताईंच्या तळहाताला लागतो. थांबा हो अजून थोडं, एवढंच ताईंना म्हणायचंय. पण बाक नाही, मॅट नाही, त्या सोफ्यावर आहेत आणि फोन वाजतोय.

चॅनलवाला आहे. नव्या प्रशिक्षकांचं नेमकं कुठे चुकलं, असं विचारतो. घोकलेलं सगळं ओठांवर येतं आणि तिथेच राहतं.

"आज त्यांच्या घरी फोन करू नका," ताई म्हणतात. "तिथं कुणी जेवलं नसेल."

फोन ठेवताना त्यांची नजर हातावर जाते. दोन बोटं पांढऱ्या पट्टीत घट्ट बांधलेली आहेत. टोक वाकडंतिकडं आहे, कात्रीने कापलेलं नाही. ताई ते टोक गालाला लावतात आणि संध्याकाळचा दिवा लावायचंही विसरून तशाच बसून राहतात.