पाळकसाहेबांचा शनिवारचा वर्ग

आमच्या चर्चच्या दारात चपला शोधता शोधता जेवढे किस्से सांगून होतात, तेवढे आत कधी होत नाहीत. एकाला डावी चप्पल सापडते तोवर दुसरा म्हणतो, "अहो, त्या दिवशीचं आठवतंय का?" झालं! ऊन डोक्यावर येतं, घरी भाकरी थापायच्या राहतात, पण कुणी हलत नाही. असे कितीतरी किस्से साठलेत. त्यातले बरेचसे पाळकसाहेबांच्या शनिवारच्या वर्गाचे. हल्ली ते सांगताना हसू येतं आणि मधेच थांबतं.

उमरग्यात हायवेच्या मागच्या अंगाला आमचं पत्र्याचं छोटं चर्च आहे. पाळकसाहेबांचं वय झालेलं. त्यांना एकच घोर होता, आपल्यामागं चर्चची ही मंडळी कोण सांभाळणार? एवढ्या लहान मंडळीला बाहेरून नवा पाळक मिळेना. म्हणून त्यांनी आमच्यातलेच तिघं निवडले. गॅरेजमधला संजय, कॉलेजला जाणारी एस्तेर आणि मी. प्रार्थना कशी चालवायची, घरभेटीला काय बोलायचं, रविवारी पुढं उभं राहून संदेश कसा द्यायचा, हे सगळं शनिवारी दुपारी शिकवायचे. "तुम्हा तिघांचा एकेक संदेश मंडळीत बसून ऐकला, की मी निवांत," म्हणायचे.

मी म्हटलं, "पाळकसाहेब, मी सातवी शिकलेली."

"येशूचा शिष्य पेत्र मासे धरायचा. त्याला कुणी मार्कशीट मागितली होती का?"

शनिवारी मी वही घेऊन हजर.

* * *

पहिला धडा त्यांनी न सांगताच दिला. एका रविवारी दहा वाजले, सव्वादहा झाले, पाळकसाहेबांचा पत्ता नाही. आम्ही सगळे दाराकडं बघत बसलो. ढोलकवाल्यानं ढोलक दोनदा आवळला. रत्नाआजी उठल्या. "डाळ टाकून आलेय गं, जाते म्या." त्या गेल्या, तशी आणखी दोघंतिघं उठली.

अकराला संजय बाहेर डोकावला, तर समोरच्या हॉटेलात पाळकसाहेब बाकावर बसून चहा पितायत! आत आले ते तापूनच.

"म्या मेलो असतो तर काय उद्यापर्यंत दाराकडं बघत बसला असता व्हय रे?"

संजय हळूच म्हणाला, "न्हाय जी. फोन केला असता."

त्यावर मोबाईलसुद्धा बंद झाले! उपासनेच्या वेळी सगळ्यांनी फोन बंद करायचे, आणि पाळक असो नसो, दहाला सुरू करायचं. नंतर ते मुद्दामच कधीकधी उशिरा यायला लागले. आम्ही सुरू करायचो आणि ते हॉटेलात बसून ऐकायचे. मग आत येऊन म्हणायचे, "संजय, तिसरं गाणं बेसूर होतं!"

* * *

माझी गत वेगळीच. पोरगी दीड वर्षाची, शारोन. मला सारखी तिची काळजी. खोकली तरी धस्स व्हायचं, नाही खोकली तरी बघून यायचे. वर्गात प्रार्थना म्हणायची माझी पाळी आली. मी सुरू केलं, "हे स्वर्गीय पित्या, तुझे उपकार मानते, अगं ती चप्पल तोंडात घालू नको..."

एस्तेर फिस्सकन् हसली.

पाळकसाहेब म्हणाले, "सुनीता, प्रार्थना डोळे मिटून म्हणतात."

"एक मिटलाय की पाळकसाहेब!"

पुढच्या शनिवारी पाळकीणबाई वर्गाला आल्या आणि शारोनला मांडीवर घेऊन मागं बसल्या. तरी माझा एक डोळा उघडाच.

* * *

संजयचा किस्सा तर अख्ख्या मंडळीला तोंडपाठ आहे. एका शनिवारी पाळकसाहेबांनी मयताच्या वेळची प्रार्थना शिकवली. संजयनं रात्रभर घोकली. दुसऱ्याच दिवशी आम्ही एका आजारी काकांना भेटायला गेलो. बरेच दिवस अंथरुणाला होते. पाळकसाहेबांनी खुणावलं, संजय, तू म्हण.

संजयनं घसा खाकरला. "हे प्रभू, तू आपल्या या सेवकाला आमच्यातून उचलून आपल्याजवळ घेतलंस..."

काकांनी डोळे उघडले. "आजून न्हाय घेतलं रं! चहा ठिवलाय चुलीवर, त्यो तर पिऊ दे!"

घरातल्यांनासुद्धा हसू आवरेना. काका पुढं बरे झाले, काठी टेकत चर्चला यायला लागले. संजय दिसला की लांबूनच हात करायचे, "जवळ येऊ नगंस!" पण बायकोला सांगून ठेवलं होतं, "माझं झालं म्हंजे त्याच पोराला बोलवा. त्याची पाठ हाय."

संजयला पुण्याकडं कंपनीत काम लागलं. बायको गरोदर, गॅरेजवर भागेना, तो तरी काय करणार? पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून निरोप दिला. घरात आल्यावर मात्र बाईंना म्हणाले, "आपण इथं तयार करतो अन् पुण्याच्या मंडळ्या भरतो."

काका गेले तेव्हा संजयला सुट्टी मिळाली नाही.

* * *

एस्तेर बोलायला लागली की ऐकत राहावं. शनिवारी मोकळ्या सतरंज्यांसमोर उभं करून पाळकसाहेब आमच्याकडून संदेशाची तयारी करून घ्यायचे. दहा मिनिटं झाली की टाळी वाजवायची, बोलणारानं थांबायचं. एस्तेर उधळ्या मुलाची गोष्ट सांगत होती. बापाची इस्टेट उडवून तो डुकरं राखायला लागला, इथवर आलेली. तेवढ्यात एक ट्रक ड्रायव्हर बाटलीत पाणी मागायला दारात आला. उभ्याउभ्या ऐकायला लागला, मग उंबऱ्यावर बसलाच.

मुलगा घराकडं निघाला आणि पाळकसाहेबांची टाळी वाजली. एस्तेर थांबली.

ड्रायव्हर म्हणाला, "मंग? बापानं घरात घेतलं का न्हाय?"

एस्तेर म्हणाली, "ते पुढच्या शनिवारी."

पाळकसाहेब ताडकन् उठले. "अगं, शनिवारी तो हैदराबादच्या पलीकडं असंल! आत्ता सांग त्याला!"

एस्तेरनं सांगितलं. ड्रायव्हरनं गमछ्यानं तोंड पुसलं, बाटली तिथंच विसरून गेला.

रविवारी तिनं मंडळीसमोर तोच संदेश दिला. पाळकसाहेब पहिल्या सतरंजीवर बसून ऐकत होते. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सासरचं चर्च मोठं, स्टेजवालं, माइकवालं. मी फोनवर विचारलं, "तिथं बोलतेस का गं?"

"वहिनी, मला चहाच्या टीममध्ये घेतलंय."



* * *

राहिले मी. पाळकसाहेब दर आठवड्याला विचारायचे, "सुनीता, येत्या रविवारी?"

"शारोनला सर्दी झालीय, पुढच्या रविवारी देते."

पुढच्या रविवारी जुलाब. त्याच्या पुढच्या रविवारी अंग गरम.

"आता काय झालं?"

"दात येतायत, पाळकसाहेब."

"अगं, तिला बत्तीस दात यायचेत! तवर मी टिकतो का?"

सगळे हसले. मीही हसले.

* * *

मग तो रविवार. दहा वाजले, पाळकसाहेब नाहीत. कुणीतरी म्हणालं, "बसले असतील चहा पीत." हसत हसत सगळ्यांनी फोन बंद केले. गाणी झाली, वाचन झालं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. शारोन रत्नाआजींच्या मांडीवर झोपली होती. मी कपाळाला हात लावून बघितला, गार होतं. उठले.

बायबलातल्या हागारेचं सांगितलं, लेकरासकट घराबाहेर काढलेल्या दासीचं. रानात पाणी संपलं तेव्हा तिनं लेकराला झुडपाखाली ठेवलं आणि लांब जाऊन बसली, त्याचं मरण बघवेना म्हणून. बायका डोळे पुसत होत्या. समोरच्या हॉटेलात ऐकू जावं म्हणून मी आवाज आणखी चढवला. मनात म्हटलं, ऐका पाळकसाहेब, आज तरी ऐका!

उपासना संपल्यावर आम्ही पाचसहाजणी हसतच हॉटेलात गेलो. "कुठं लपलेत पाळकसाहेब?"

हॉटेलवाला म्हणाला, "आज आलेच न्हाईत की."

मग फोन चालू केले. सगळ्यांचे एकदम वाजायला लागले.

पाळकसाहेब सकाळी खेड्यातली प्रार्थना उरकून येत होते. रस्त्यातच लकवा मारला. लोकांनी जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं. पाळकीणबाई एकट्याच धावत होत्या आणि एकेकाला फोन लावत होत्या.

* * *

चारपाच दिवसांनी मला आत सोडलं. उजवं अंग गेलेलं, तोंड वाकडं झालेलं, शब्द उमटत नव्हते. शारोनला बाहेर तिच्या पप्पांकडं ठेवलं होतं.

बाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "रविवारी सुनीतानं संदेश दिला. लई चांगला झाला म्हणतेत सगळी."

पाळकसाहेबांनी डाव्या हातानं गादी आपटायला सुरुवात केली. पुन्हा पुन्हा. मी घाबरले. "बाई, त्यांना दुखतंय काहीतरी, नर्सला बोलवा!"

बाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुखत न्हाय. उठवून बसवा म्हणतेत. ऐकायचंय त्यांना."

दोघींनी मिळून बसवलं, पाठीशी उशा लावल्या. बाईंनी त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईनं आपल्या माणसाला गप्प केलं.

"सांग," बाई म्हणाल्या.

मी पदर सारखा केला. तोंड उघडलं. हागार, रान, पाणी, सगळं डोळ्यांपुढं होतं. आवाजच फुटेना. पाळकसाहेब बघत होते. मी पुन्हा तोंड उघडलं.

"चला, भेटायची वेळ संपली!" आयाबाई दारातून ओरडली.

मी बाहेर आले, शारोनला घेतलं, घरी आले.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "तू गेल्यावर म्या निजवायला गेले, तर हात झटकला. लई वेळ तसंच बसले होते."